पृष्ठरचना-फाइलींचे आदानप्रदान

वैयक्तिक संगणकावर पृष्ठरचनेच्या आज्ञावलीने तयार केलेला मजकूर, चित्रे व त्यांची मांडणी यांची फाइल, ती आज्ञावली ज्याच्याजवळ नाही अशा व्यक्तीस वाचता, तपासता, छापता किंवा सुधारता येईल अशा रूपात देण्याच्या पद्धतींना ही संज्ञा लावतात. लेखक, संपादक, मुद्रितशोधक, चित्रकार, मुद्रक व ग्रंथपाल यांपैकी प्रत्यक्ष पृष्ठे लावणारा एखादाच असतो. मात्र लावलेली पृष्ठे या सर्वांच्या नजरेखालून जावी लागतात. खिळ्यांच्या जुळणीच्या काळी कच्चे मुद्रित कागदावर काढून पाठवीत व ते वाचण्यास डोळ्यांखेरीज अन्य साधन लागत नसे. संगणकीय जुळणीत पृष्ठ हे प्रथम एका विशिष्ट आज्ञावलीलाच समजणाऱ्या संकेतांच्या रूपात असते. त्यामुळे ते दुसऱ्यास दाखविणे हा एक स्वतंत्र तांत्रिक प्रश्न बनला. डेस्कटॉप प्रकाशन किंवा डीटीपी या नावाने रूढ झालेल्या तंत्राच्या प्रारंभापासून हा प्रश्न त्याच्यासोबत आहे. देवनागरीसारख्या लिपीच्या बाबतीत तो अधिक बिकट ठरला असून गेल्या चार दशकांतील मराठी मजकुराच्या जतनाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

अडचणीचे स्वरूप : पृष्ठरचनेची फाइल म्हणजे पृष्ठाचे चित्र नव्हे, पृष्ठ कसे उभारावे याविषयीच्या सूचनांचा तो संच असतो. चौकटींची स्थाने व मापे, एका चौकटीतून दुसरीत वाहणारा मजकूर, परिच्छेदांच्या शैली, रंगांच्या व्याख्या आणि ओळी तोडण्याचे नियम यांची नोंद तीत असते. यांतील बऱ्याच गोष्टी फाइलीत प्रत्यक्ष नसून त्यांचा केवळ निर्देश असतो. टंक अथवा फाँट नावाने निर्देशिलेला असतो. अक्षरांच्या आकृती संगणकावर वेगळ्या साठविलेल्या असतात. छायाचित्रेही बहुधा स्वतंत्र फाइलींत असतात व पृष्ठाच्या फाइलीत त्यांचा पत्ता आणि पडद्यावर दाखविण्यापुरती हलकी प्रतिमा एवढेच असते. यामुळे फाइल दुसऱ्या संगणकावर नेल्यास चार प्रकारचे दोष संभवतात : (१) आज्ञावली नसल्याने फाइल मुळीच उघडत नाही, (२) आज्ञावली असूनही ती आधीच्या आवृत्तीची असल्यास नव्या आवृत्तीची फाइल नाकारली जाते, (३) टंक नसल्याने त्याच्या जागी दुसरा टंक योजला जातो, ओळी निराळ्या ठिकाणी तुटतात आणि पाने सरकतात, (४) चित्रांच्या मूळ फाइली सोबत नसल्याने ती भरड छापली जातात किंवा रिकामी राहतात. यांपैकी तिसरा दोष सर्वांत फसवा होय, कारण फाइल उघडते, पृष्ठ दिसते, परंतु ते मूळ पृष्ठ नसते.

प्रत्येक उत्पादकाने आपली फाइलरचना स्वतंत्र ठेवली व पुष्कळांनी ती प्रसिद्ध केली नाही. यात व्यापारी हेतू होताच. पण प्रत्येक आज्ञावलीची ओळ जुळविण्याची रीत वेगळी असल्याने एकीची फाइल दुसरीत जशीच्या तशी उतरणे तांत्रिक दृष्ट्याही कठीण असते.

इतिहास : जॉन वॉर्नॉक व चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये अमेरिकेत अडोबी ही संस्था स्थापन केली आणि पृष्ठाचे वर्णन करणारी ‘पोस्टस्क्रिप्ट’ ही भाषा १९८४ मध्ये पुढे आणली. या भाषेत अक्षरे व रेषा बिंदूंच्या जाळीने न दर्शविता वक्ररेषांच्या गणिताने दर्शवितात. त्यामुळे तेच वर्णन इंचास ३०० बिंदू छापणाऱ्या मुद्रकयंत्रावर व इंचास हजाराहून अधिक बिंदू उमटविणाऱ्या प्रकाशजुळणी यंत्रावर सारख्याच मांडणीने उतरते. अॅपल संस्थेचा मॅकिंटॉश संगणक (१९८४), पोस्टस्क्रिप्ट समजणारे तिचे लेसररायटर हे मुद्रकयंत्र (१९८५) व अॅल्डस संस्थेची पेजमेकर ही आज्ञावली (जुलै १९८५) या तिहींच्या मेळातून डेस्कटॉप प्रकाशन साकारले. ही संज्ञा रूढ करण्याचे श्रेय अॅल्डसचे संस्थापक पॉल ब्रेनर्ड यांस देतात. १९८६ मध्ये व्हेंचुरा पब्लिशर, १९८७ मध्ये क्वार्कएक्सप्रेस व १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्ट पब्लिशर या आज्ञावल्या आल्या. १९९४ मध्ये अॅल्डस अडोबीत विलीन झाली आणि १९९९ मध्ये अडोबीने इनडिझाइन ही नवी आज्ञावली काढली. पेजमेकरची अखेरची आवृत्ती (७.०) २००१ मधील आहे.

आरंभीच्या काळात पृष्ठे लावणारा आपली फाइल चकतीवर घालून प्रकाशजुळणी केंद्राकडे नेत असे. तेथे तीच आज्ञावली, तीच आवृत्ती व तेच टंक असणे आवश्यक असे. यांपैकी एक जरी उणे असले, तरी फिल्म वाया जाई. यावर तोडगा म्हणून पृष्ठांचे पोस्टस्क्रिप्ट वर्णनच फाइलीत साठवून देऊ लागले. ते देताना मूळ आज्ञावलीची गरज उरत नसे. परंतु असे वर्णन एका ठराविक यंत्रासाठी काढलेले असे, आकाराने मोठे असे आणि छापून पाहिल्याखेरीज त्यात काय आहे हे कळत नसे. पोस्टस्क्रिप्ट वाचून पडद्यावर दाखविणारी घोस्टस्क्रिप्ट ही मुक्त आज्ञावली १९८८ पासून उपलब्ध झाली, तरी सामान्य वाचकाच्या हाती ती क्वचितच होती.

हे उणेपण भरून काढण्यासाठी वॉर्नॉक यांनी १९९० च्या सुमारास ‘कॅमलॉट’ नावाचा प्रकल्प अडोबीत हाती घेतला. कोणत्याही आज्ञावलीत तयार झालेला दस्तऐवज कोणत्याही संगणकावर मूळ रूपात पाहता व छापता यावा, हे त्याचे उद्दिष्ट होते. त्यातून १९९३ मध्ये ‘सुवाह्य दस्तऐवज स्वरूप’ म्हणजे पीडीएफ प्रसिद्ध झाले. ते वाचण्याच्या आज्ञावलीस प्रारंभी किंमत पडे. पुढे ती मोफत देण्यात आली आणि मग या स्वरूपाचा प्रसार झपाट्याने झाला. लिहिणाऱ्याने साधनासाठी मोल द्यावे, वाचणाऱ्याने देऊ नये, हे तत्त्व या प्रसाराच्या मुळाशी होते. २००८ मध्ये पीडीएफची १.७ ही आवृत्ती आयएसओ ३२००० या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली गेली व तिचे नियंत्रण एका उत्पादकाकडे राहिले नाही. २.० ही आवृत्ती २०१७ मध्ये निघून २०२० मध्ये सुधारण्यात आली. मॅकिंटॉशच्या नव्या प्रचालन प्रणालीत २००१ पासून व विंडोजमध्ये २०१५ पासून कोणत्याही आज्ञावलीतून पीडीएफ काढण्याची अंगभूत सोय आहे; महाजालकावरील पृष्ठे पाहण्याच्या प्रमुख आज्ञावल्याही २०१० नंतर पीडीएफ स्वतःच दाखवू लागल्या.

देवघेवीचे मार्ग : फाइल घेणाऱ्याने तिचे काय करावयाचे आहे यावर मार्गाची निवड अवलंबून असते. केवळ पाहणे, मुद्रिते तपासणे, छापणे, सुधारणे व दीर्घकाळ जतन करणे ही पाच निरनिराळी कामे असून सर्वांस पुरे पडेल असा एकच मार्ग नाही.

(अ) प्रतिमा : पृष्ठाचे बिंदूंनी बनलेले चित्र करून पाठविणे हा सर्वांत सोपा मार्ग होय. ते कोठेही दिसते व टंकाचा प्रश्न उद्भवत नाही. मात्र ए-४ आकाराचे (२१० × २९७ मिमी.) पृष्ठ इंचास ३०० बिंदू या प्रमाणात घेतल्यास २,४८० × ३,५०८ म्हणजे सुमारे ८७ लक्ष बिंदू होतात. चार रंगांच्या छपाईसाठी प्रत्येक बिंदूस चार बाइट लागत असल्याने एका पृष्ठास सुमारे ३.५ कोटी बाइट जागा लागते. जेपेगसारख्या संकोचनाने हा आकार पुष्कळ घटतो, परंतु त्या पद्धतीत अक्षरांच्या कडा धूसर होतात. शिवाय अशा पृष्ठातील शब्द शोधता येत नाहीत व मजकूर उचलता येत नाही. एखादे मुखपृष्ठ किंवा निमंत्रणपत्रिका संमतीसाठी दाखविण्यापुरताच हा मार्ग योग्य ठरतो.

(आ) अक्षरांच्या बाह्यरेषा : अक्षरांचे रूपांतर वक्ररेषांच्या आकृतींत केल्यास टंकाची आवश्यकता उरत नाही. आपल्याकडील छापखान्यांत कोरलड्रॉमधील जाहिराती, पत्रिका व फलक या रीतीने ‘कर्व्ह करून’ देण्याची प्रथा आहे. छपाईच्या दृष्टीने हे सुरक्षित असले, तरी मजकूर मजकूर राहत नाही. एक काना चुकला असला तरी तो दुरुस्त करण्यास मूळ फाइलीकडे परतावे लागते. लहान आकाराची अक्षरे पडद्यावर किंचित ठळकही दिसतात. ग्रंथाच्या शेकडो पृष्ठांस ही रीत लावणे इष्ट नव्हे.

(इ) पीडीएफ : पाहणे, तपासणे व छापणे या तिन्ही कामांसाठी हे स्वरूप सर्वमान्य झाले आहे. त्याची माहिती पुढे दिली आहे.

(ई) मूळ फाइलीची मोळी : सुधारणा करणाऱ्याजवळ तीच आज्ञावली असल्यास पृष्ठांची फाइल, सर्व चित्रे व टंक एका ठिकाणी गोळा करून देतात. पेजमेकर, क्वार्कएक्सप्रेस व इनडिझाइन या तिन्हींत हे काम आपोआप करणारी सोय होती किंवा आहे. टंकांची प्रत दुसऱ्यास देणे हे त्यांच्या परवान्यातील अटींवर अवलंबून असते, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

(उ) विनिमय-स्वरूप : इनडिझाइनच्या सीएस ४ (२००८) या आवृत्तीपासून पृष्ठांचे वर्णन आयडीएमएल या खुल्या, मजकुरासारख्या वाचता येणाऱ्या रूपात काढता येते. नव्या आवृत्तीतील काम जुन्या आवृत्तीत नेण्यास ते उपयोगी पडते आणि स्क्रायबस व अॅफिनिटी पब्लिशर यांसारख्या अन्य आज्ञावल्याही ते वाचू शकतात. मांडणीचा सांगाडा यात टिकतो. ओळींची तोड मात्र बदलू शकते. म्हणून रूपांतरानंतर मूळ पृष्ठाच्या पीडीएफशी पान न् पान ताडून पाहणे अगत्याचे असते.

(ऊ) केवळ मजकूर : संपादकास भाषा तपासावयाची असेल, तर मांडणी वगळून मजकूर स्वतंत्र फाइलीत काढून देणे श्रेयस्कर. पृष्ठे लावण्यापूर्वीच संपादन पूर्ण करणे हा याहूनही चांगला शिरस्ता होय.

पीडीएफची रचना : पीडीएफ फाइलीत पृष्ठांचे वर्णन पोस्टस्क्रिप्टशी नाते सांगणाऱ्या, पण अधिक आटोपशीर संकेतांनी केलेले असते. तीत पृष्ठे, टंक, चित्रे व टिपणे ही स्वतंत्र घटकवस्तू म्हणून साठविलेली असून शेवटी त्यांच्या स्थानांची सूची असते. या सूचीमुळे शेकडो पृष्ठांच्या ग्रंथातील हवे ते पृष्ठ, आधीची पृष्ठे न वाचता, तत्काळ दाखविता येते.

आदानप्रदानाच्या दृष्टीने तिचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे टंकांचे अंतःस्थापन. टंकातील आकृती फाइलीतच भरल्या जातात. बहुधा संपूर्ण टंक न भरता, वापरलेल्या आकृतींचाच उपसंच भरतात. अशा टंकाच्या नावाआधी सहा रोमन अक्षरे व अधिकचिन्ह जोडलेले आढळते. यामुळे फाइल हलकी राहते आणि संपूर्ण टंक दुसऱ्याच्या हाती जात नाही. टंक अंतःस्थापित केला नसल्यास वाचणारी आज्ञावली साधारण तेवढ्याच रुंदीची बदली अक्षरे योजते. रोमन लिपीत हे कसेबसे निभते, देवनागरीत निभत नाही. टंकाच्या उत्पादकाने अंतःस्थापनास मनाई केली असल्यास तशी खूण टंकातच असते व पीडीएफ काढणाऱ्या आज्ञावल्या सामान्यतः ती पाळतात.

मुद्रणासाठी पीडीएफ-एक्स हे उपमानक आहे. त्याच्या १-अ प्रकारात (२००१) सर्व टंक अंतःस्थापित असणे व रंग छपाईच्या चार शाईंच्या किंवा खास शाईच्या परिमाणात असणे बंधनकारक असते. पुढील ४ या प्रकारात पारदर्शक घटक व रंगव्यवस्थापन यांना मुभा आहे. पृष्ठाच्या कडेपर्यंत जाणारे चित्र कापणीच्या रेषेबाहेर साधारणतः ३ मिमी. वाढविलेले असावे लागते. पडद्यावर पाहण्यासाठी काढलेल्या पीडीएफमध्ये चित्रांचे बिंदू कमी केलेले असतात. तीच फाइल छापखान्यात दिल्यास चित्रे भरड येतात. म्हणून एकाच पुस्तकाच्या तपासणीसाठी एक व छपाईसाठी दुसरी अशा दोन पीडीएफ काढण्याची पद्धत आहे.

मुद्रितशोधनासाठी पीडीएफवर टिपणे, खोडरेघा व निशाण्या करता येतात. त्या पृष्ठाच्या वर स्वतंत्र थरात राहतात, मूळ पृष्ठ बदलत नाही. पृष्ठे लावणारा त्या पाहून मूळ फाइलीत दुरुस्ती करतो. कागदावरील मुद्रितांच्या समासात खुणा करण्याच्या जुन्या रीतीशी ही पद्धत मिळतीजुळती आहे. पीडीएफमध्येच परस्पर दुरुस्ती करण्याची साधनेही आहेत. परंतु तसे केल्यास मूळ फाइल व छापील पुस्तक यांत तफावत पडते आणि पुढील आवृत्तीत जुनी चूक परत येते. गोपनीय मजकुरावर काळी पट्टी ठेवल्याने तो नाहीसा होत नाही, पट्टीखालून उचलता येतो, हेही ध्यानात ठेवणे जरूर आहे.

देवनागरी मजकुराची देवघेव : वर वर्णिलेल्या अडचणी सर्व भाषांना समान आहेत. देवनागरीत त्यांत आणखी एकीची भर पडली. पेजमेकरसारख्या आज्ञावल्या रोमन लिपीसाठी बनल्या होत्या व त्यांत एका टंकात फार तर २५६ स्थाने असत. जोडाक्षरे जुळविण्याची, ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी व रफार नंतर मांडण्याची कोणतीही सोय त्यांत नव्हती. भारतीय तंत्रज्ञांनी यावर नामी युक्ती योजली. रोमन अक्षरांच्या स्थानांवर देवनागरीच्या अर्ध्या अक्षरांच्या, काना-मात्रांच्या व जोडाक्षरांच्या आकृती बसविल्या आणि कळफलकाची एक मध्यस्थ आज्ञावली त्या योग्य क्रमाने टंकित करू लागली. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचे (स्थापना १९८८) टंक व आज्ञावल्या, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी आणि आकृती या प्रणालींनी मराठी वृत्तपत्रे, नियतकालिके व ग्रंथप्रकाशन या व्यवसायांचा कायापालट केला. खिळे जुळविण्याचे कष्टाचे व खर्चाचे काम थांबले. तालुक्याच्या गावीही पुस्तके निघू लागली.

या युक्तीची किंमत मात्र पुढे चुकवावी लागली. फाइलीत साठविलेले संकेत संगणकाच्या दृष्टीने रोमन अक्षरांचेच होते. ती देवनागरी आहे हे केवळ टंकाला ठाऊक होते. टंक नसलेल्या संगणकावर तो मजकूर रोमन अक्षरे व विरामचिन्हे यांचा अर्थहीन गोंधळ दिसतो. प्रत्येक उत्पादकाने आकृती आपल्या सोयीने बसविल्याने एकाचा मजकूर दुसऱ्याच्या टंकात नेला तरी वाचता येत नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे राष्ट्रीय मानक (आयएस १३१९४) १९९१ मध्ये ठरले होते. परंतु पृष्ठरचनेच्या फाइलींत इस्कीचे संकेत न जाता टंकातील आकृतींचे संकेत जात, त्यामुळे मानक असूनही देवघेवीस त्याचा उपयोग होईना.

जगातील सर्व लिप्यांना एकच संकेतप्रणाली देणारे युनिकोड मानक १९९१ पासून प्रसिद्ध होऊ लागले. त्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली आहे. युनिकोडमध्ये आकृतीला नव्हे, तर वर्णाला संकेतांक असतो व आकृती जुळविण्याचे काम टंक आणि प्रचालन प्रणाली करतात. उदा., ‘कि’ हे अक्षर ‘क’ (२३२५) व ऱ्हस्व इकार (२३६७) या क्रमाने साठविले जाते. इकार डावीकडे मांडणे हा केवळ दर्शनाचा भाग असतो. विंडोजमध्ये २००० पासून देवनागरीची सोय झाली. परंतु पेजमेकरला युनिकोड अखेरपर्यंत अवगत झाले नाही आणि इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी सीएस ६ (२०१२) या आवृत्तीत अधिकृतपणे आली. मधल्या काळात लेखक युनिकोडमध्ये लिहीत व छापखाने जुन्या टंकांत जुळवीत. परिणामी प्रत्येक हस्तलिखिताचे एकदा रूपांतर करावे लागे आणि त्यात अर्धा र, रफार, अवतरणचिन्हे व मजकुरातील इंग्रजी शब्द हमखास बिघडत. रूपांतराच्या आज्ञावल्या उपलब्ध असल्या, तरी रूपांतरित मजकुराचे मुद्रितशोधन टाळता येत नाही.

युनिकोड वापरल्यावरही काही बारकावे उरतात. मराठीतील ‘ल’ व ‘श’ यांची वळणे हिंदीतील प्रचलित वळणांहून भिन्न आहेत. काही टंकांत दोन्ही वळणे असून मजकुराची भाषा मराठी अशी नोंदविली असल्यासच मराठी वळणे उमटतात. दुसऱ्या आज्ञावलीत ती नोंद गळाली, तर वळणे बदलतात. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतील अर्ध्या र चे लेखन दोन निराळ्या संकेतक्रमांनी होऊ शकते. डोळ्यांस दोन्ही सारखे दिसतात, पण शोध घेताना एक लिहिल्यास दुसरा सापडत नाही.

पीडीएफमधील देवनागरी दिसावयास निर्दोष असली, तरी आतून सदोष असू शकते. पीडीएफ आकृती ज्या क्रमाने पृष्ठावर मांडल्या त्या क्रमाने नोंदविते. आकृतीवरून मूळ वर्ण ओळखण्यासाठी तीत एक तक्ता जोडलेला असतो. तो अपुरा असल्यास उचललेल्या मजकुरात इकार आधीच्या अक्षरास चिकटतो, जोडाक्षरे फुटतात किंवा गळतात. जुन्या टंकांतील पीडीएफमधून तर रोमन गोंधळच हाती येतो. याचा सर्वाधिक फटका दृष्टिहीन वाचकांस बसतो. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी त्यांची साधने डोळ्यांना दिसणारे रूप जाणत नाहीत, संकेत जाणतात. डोळस वाचकास जे पृष्ठ स्वच्छ मराठी दिसते, तेच त्यांना निरर्थक ध्वनींची माळ म्हणून ऐकू येते. सुगम्य दस्तऐवजांसाठी पीडीएफ-यूए हे मानक २०१२ मध्ये निघाले आहे. मजकूर युनिकोडमध्ये असणे ही त्याची पहिली पायरी होय.

आज्ञावली नसलेल्यांसाठी पर्यायी साधने : बंद स्वरूपांच्या फाइलींची रचना उलगडून त्या वाचणारी मुक्त साधने स्वयंसेवी तंत्रज्ञांनी तयार केली आहेत. लिबरऑफिस या मोफत आज्ञावलीत मायक्रोसॉफ्ट पब्लिशरच्या फाइली २०१३ पासून, पेजमेकरच्या २०१५ पासून व क्वार्कएक्सप्रेसच्या जुन्या आवृत्त्यांच्या २०१८ पासून उघडता येतात. स्क्रायबस या मुक्त पृष्ठरचना-आज्ञावलीची १.६ ही आवृत्ती २०२४ मध्ये निघाली. ती अशा अनेक फाइली वाचते व भारतीय लिप्यांची जुळणीही करते. मांडणी तंतोतंत उतरेलच असे नाही. मजकूर व चित्रे हाती लागणे एवढीच अपेक्षा येथे रास्त ठरते. मायक्रोसॉफ्टने पब्लिशरच्या फाइली पाहण्यासाठी स्वतंत्र मोफत आज्ञावली कधीच काढली नाही आणि ऑक्टोबर २०२६ नंतर पब्लिशरला पाठबळ मिळणार नसल्याचे जाहीर केले. अशा फाइली बाळगणाऱ्या संस्थांनी त्यांचे वेळीच रूपांतर करून घेणे आवश्यक आहे.

जतन : कागदावरील ग्रंथ शतकानंतरही उघडता येतो; पृष्ठरचनेची फाइल पंचवीस वर्षांतच दुर्बोध होऊ शकते. पेजमेकरच्या फाइली उघडण्याची इनडिझाइनमधील सोय पुढील आवृत्त्यांत काढून टाकण्यात आली. पोस्टस्क्रिप्ट टाइप-१ या एके काळी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या टंकप्रकारास अडोबीच्या आज्ञावल्यांत जानेवारी २०२३ पासून थारा उरला नाही. १९९० नंतरच्या दोन दशकांतील अनेक मराठी पुस्तके, विशेषांक व स्मरणिका चकत्यांवर अशा फाइलींतच साठविलेल्या असून त्या वाचण्यास जुना संगणक, जुनी आज्ञावली, जुना टंक व काही वेळा आज्ञावलीसोबतची परवान्याची कळही लागते. यांतील एक दुवा निखळला, तर पुनर्मुद्रणासाठी ग्रंथ पुन्हा अक्षर न् अक्षर जुळवावा लागतो.

दीर्घकालीन जतनासाठी पीडीएफ-ए हे मानक २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात टंकांचे अंतःस्थापन सक्तीचे असून सांकेतिक कुलूप लावणे व फाइलीच्या प्रदर्शनासाठी बाहेरील साधनांवर विसंबणे निषिद्ध आहे. त्याच्या काही प्रकारांत सर्व मजकुराची युनिकोड ओळख असणेही बंधनकारक असते. भारतीय भाषांसाठी हेच प्रकार निवडणे इष्ट होय. अशा पीडीएफच्या जोडीला मजकुराची साधी युनिकोड फाइल व चित्रांच्या मूळ फाइली ठेवल्यास पृष्ठरचनेची आज्ञावली लुप्त झाली, तरी ग्रंथ पुन्हा उभा करता येतो.

व्यवहारातील पथ्ये : फाइल पाठविण्यापूर्वी ती घेणाऱ्याने काय करावयाचे आहे व त्याच्याजवळ कोणते साधन आहे हे विचारून घ्यावे. केवळ वाचावयाचे असल्यास पीडीएफ द्यावी व तीतील सर्व टंक अंतःस्थापित असल्याची खातरी तिच्या गुणधर्मांच्या यादीवरून करावी. ती वेगळ्या संगणकावर, शक्यतो भ्रमणध्वनीवर, उघडून पाहावी. ज्या संगणकावर पृष्ठे लावली त्यावर टंक असल्याने उणीव उघड होत नाही. देवनागरी पीडीएफमधील एखादी ओळ उचलून साध्या मजकुराच्या फाइलीत चिकटवून पाहिल्यास आतील संकेत शुद्ध आहेत की नाहीत हे एका क्षणात कळते. लेखकाने आपले पुस्तक छापून झाल्यावर प्रकाशकाकडून छापील प्रतींबरोबर अंतिम पीडीएफ व अंतिम शुद्ध मजकूर युनिकोडमध्ये मागून घ्यावा. मुद्रितांतील अखेरच्या दुरुस्त्या पृष्ठरचनेच्या फाइलीतच झालेल्या असतात. लेखकाजवळचे मूळ हस्तलिखित त्या दुरुस्त्यांना पारखे असते.

आज्ञावल्या व त्यांची फाइलस्वरूपे यापुढेही बदलत राहतील. ज्या स्वरूपाची व्याख्या प्रसिद्ध आहे, जे वाचण्यास एकाच उत्पादकाची अनुमती लागत नाही आणि ज्यात मजकूर वर्णांच्या रूपात टिकून आहे, त्या स्वरूपातील दस्तऐवजच दुसऱ्याच्या हाती व पुढील पिढीच्या हाती पोहोचण्याची शाश्वती अधिक असते.